यूएसबी लावलं की वाय-फाय रखडतं, माउस अडखळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपला हार्डडिस्क, पेनड्राइव्ह किंवा हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) जोडल्यावर वाय-फाय, ब्लूटूथ आणि वायरलेस माउस-कीबोर्ड बिघडल्यासारखे वागतात, या तक्रारीबद्दल सतत प्रश्न येतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर प्रश्न ५ आणि ६ आधी वाचा. बहुतेकांचं काम तेवढ्यावर होतं आणि खर्चही फारसा येत नाही.

१. बाहेरची हार्डडिस्क लावली की वायरलेस माउस अडकत-अडकत चालतो. माउस खराब झाला आहे का?

बहुधा नाही. डिस्क काढल्यावर माउस लगेच सुरळीत चालत असेल तर माउस, त्याचा रिसीव्हर आणि डिस्क, तिन्ही ठणठणीत आहेत. अडचण आहे ती त्यांच्या शेजाराची. यूएसबी ३ ची उपकरणं चालू असताना त्यांच्या पोर्ट-केबलमधून रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर पडतो. माउसचा इवलासा रिसीव्हर (डोंगल) त्याच पोर्टला चिकटून बसलेला असेल तर त्या गोंगाटात त्याला माउसचा क्षीण संदेश ऐकू येत नाही. मग कर्सर उड्या मारतो, क्लिक वाया जातो, कीबोर्डवर अक्षरं गळतात किंवा एकच अक्षर चार वेळा उमटतं.

हे माहीत नसल्यामुळे लोक आधी सेल बदलतात, मग नवा माउस घेतात आणि तोही तसाच वागला की लॅपटॉपला दोष देतात. म्हणून आग्रहानं सांगतो: प्रश्न ५ मधली चाचणी केल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

२. यूएसबी तर वायरनं जोडलेलं असतं. त्याचा वाय-फायशी काय संबंध?

वायरीतून माहिती फार वेगानं धावू लागली की ती वायर थोडीफार अँटेनासारखी वागते. यूएसबी ३.० चं मानक नोव्हेंबर २००८ मध्ये आलं. त्यात सेकंदाला ५ गिगाबिट एवढा वेग आहे. यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट होता, म्हणजे ही उडी दहापटीची. एवढ्या वेगानं शून्य-एकची अदलाबदल होत असताना तिची ऊर्जा कुठल्या एका वारंवारतेवर राहत नाही, शून्याजवळून थेट ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते. शून्य-एक आलटून पालटून आले तर मूळ लहर होते बरोबर २.५ गिगाहर्ट्झची. तिला लागूनच, २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमध्ये, आपलं जुनं वाय-फाय, सगळं ब्लूटूथ आणि जवळपास सगळे डोंगलवाले माउस-कीबोर्ड दाटीवाटीनं राहतात.

यूएसबीची ऊर्जा केबलच्या आतच राहावी म्हणून केबलवर आणि पोर्टभोवती धातूचं आवरण असतं. ते चांगलं असेल तर गळती कमी होते. स्वस्तातल्या हबमध्ये आणि डिस्कच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ते नावापुरतंच असतं. गळती तीन जागांहून होते: लॅपटॉपचं पोर्ट, केबल, आणि उपकरणाच्या बाजूचं पोर्ट. या तिसऱ्या जागेकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

हा निव्वळ तर्क नाही. इंटेलनं २०१२ मध्ये याची मोजमापं प्रसिद्ध केली. यूएसबी ३ ची हार्डडिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलनं वाढलेला त्यात दिसतो. २० डेसिबल म्हणजे शंभरपट.

३. वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, तरी नेट का रखडतं?

कारण दांड्या फक्त राउटरचा संदेश किती जोरात पोहोचतो एवढंच सांगतात. गोंगाट किती आहे, हे त्या सांगत नाहीत. दादर स्टेशनवर उद्घोषणा रोजच्याच आवाजात होत असते, पण समोरून जलद गाडी धडधडत गेली की तिच्यातला शब्दही कळत नाही. स्पीकर बिघडलेला नसतो. इथेही संदेश तेवढाच राहतो, भोवतीचा गोंगाट वाढतो आणि लॅपटॉपला तीच माहिती पुन्हा पुन्हा मागावी लागते. वेग पडतो, व्हिडिओ कॉल गोठतो आणि दांड्या मात्र भरलेल्याच राहतात.

मॅकवर हे उघड दिसतं. ऑप्शनचं बटण दाबून धरा आणि वर कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. संदेशाची पातळी आणि ‘नॉइज’ असे दोन आकडे दिसतील. नॉइज साधारणपणे उणे ९० च्या आसपास असतो. डिस्क लावल्यावर तो उणे ७५ किंवा त्याच्याही वर सरकला तर दुखणं सापडलं. विंडोजमध्ये हा आकडा असा सहज मिळत नाही, तिथे पिंगवर, म्हणजे राउटरला छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहण्यावर, भागवावं लागतं (प्रश्न ५).

४. माझं उपकरण यूएसबी ३ चं आहे की २ चं, हे कसं ओळखू?

जुन्या आयताकृती पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल तर ते बहुधा यूएसबी ३. पण काही कंपन्या काळीच पट्टी ठेवतात, तेव्हा रंगावर विसंबू नका. पोर्टशेजारच्या त्रिशुळासारख्या खुणेला ‘एसएस’ ही अक्षरं जोडलेली असली तर ते नक्की ३. प्लगच्या आत डोकावलात तर यूएसबी २ ला चार पिना दिसतात, ३ ला त्यांच्यामागे आणखी पाच.

नावांचा घोळ मात्र खरोखर त्रासदायक आहे. यूएसबी ३.०, यूएसबी ३.१ जेन १ आणि यूएसबी ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच ५ गिगाबिटच्या वेगाची नावं आहेत. आपल्या कामापुरतं एवढं पुरे: नावात ३ असेल तर ते गोंगाट करू शकतं. टाइप-सी हा फक्त प्लगचा आकार, त्यावरून वेग कळत नाही. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक टाइप-सी केबलींत माहितीसाठी यूएसबी २ च्याच तारा असतात आणि त्यांचा असा त्रास होत नाही.

५. दोष यूएसबीचाच आहे, हे पक्कं कसं ठरवायचं?

जोडा, काढा आणि फरक मोजा. त्यासाठी कुठलंही खास साधन लागत नाही.

आधी सगळी यूएसबी उपकरणं काढा आणि लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला पिंग लावा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नाहीतर राउटरच्या मागच्या चिकटपट्टीवर लिहिलेला असतो. विंडोज चार वेळा पिंग करून थांबतं. आदेशाच्या शेवटी जागा सोडून हायफन आणि इंग्रजी टी लिहिलं की तुम्ही थांबवेपर्यंत ते चालू राहतं. राउटरकडून उत्तर एरवी काही मिलिसेकंदांत येतं. ते आकडे मिनिटभर पाहून घ्या.

आता पिंग चालू असतानाच डिस्क लावा आणि तिच्यावर एखादी मोठी फाइल कॉपी करायला टाका. आकडे शेकड्यांत गेले किंवा मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येऊ लागलं, तर पुढची पायरी: केबल जेवढी लांब पुरेल तेवढी डिस्क लॅपटॉपपासून दूर न्या. नुसत्या हातभर अंतरानं आकडे सुधारले तर शंका उरत नाही. ड्रायव्हर बिघडला असता तर डिस्क दूर नेल्यानं तो सुधारला नसता. मला या चाचणीतली हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते, आणि नेमकी तीच गाळली जाते.

शेवटी तीच डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला लावून पाहा. तिथे सगळं सुरळीत चाललं तर निदान पूर्ण झालं.

एक पथ्य पाळा: चाचणी राउटरपर्यंतच्या पिंगनं करा. इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या साइटवर जाऊ नका. तिथला आकडा केबलवाल्याच्या लाइनवरही अवलंबून असतो, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत तो भलतंच सांगतो.

६. सगळ्यात स्वस्त उपाय कोणता?

अंतर. गोंगाट करणारा आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत गोंगाट सुमारे ६ डेसिबलनं घटतो. रिसीव्हर पोर्टपासून दोन सेंटिमीटरवर असेल तर तो अर्ध्या मीटरवर नेल्यानं फरक प्रचंड पडतो.

डोंगलवाला माउस किंवा कीबोर्ड असेल तर मीटरभराची साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावा आणि ते टोक माउसपॅडजवळ ठेवा. डोंगलला यूएसबी २ चा वेग भरपूर होतो. यूएसबी ३ ची एक्स्टेन्शन मुद्दाम घेऊ नका, ती महागही पडते आणि इथे तिचा उपयोगही नाही. लॅपटॉपला दोन्ही बाजूंना पोर्ट असतील तर केबलही नको: डोंगल उजवीकडे, डिस्क डावीकडे.

त्रास वाय-फायला होत असेल तर उलट विचार करा. तिथे ऐकणारा लॅपटॉपच्या आत आहे, तो हलवता येत नाही, म्हणून डिस्क दूर ठेवायची. पुष्कळ लॅपटॉपमध्ये वाय-फायची अँटेना पडद्याच्या चौकटीत असते, काहींत बिजागरीपाशी. डिस्क पडद्यामागे उभी करून ठेवण्याची सवय अनेकांना असते. ती जागा सगळ्यात वाईट.

डिस्कच यूएसबी २ च्या एक्स्टेन्शनला लावली तर वेग ४८० मेगाबिटवर येतो आणि गोंगाट जातो, पण किंमत मोजावी लागते. आत तबकडी फिरणारी साधी हार्डडिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला शंभरेक मेगाबाइट लिहिते, यूएसबी २ वर ३५-४० च्या आसपास. २० जीबीचं लग्नाचं शूटिंग तीन-साडेतीन मिनिटांऐवजी आठ-नऊ मिनिटांत उतरेल. रात्री बॅकअप घेणाऱ्याला हे चालून जाईल, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला नाही. शिवाय यूएसबी २ मध्ये वीज ५०० मिलिअँपिअर धरलेली असते, ३ मध्ये ९००. लांब आणि बारीक केबलवर डिस्क टकटक आवाज करू लागली तर ताबडतोब काढा, तिला वीज पुरत नाही. त्यात आपले फोटो जातात.

७. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ निवडलं तर काम भागेल का?

वाय-फायपुरतं बहुतेक वेळा हो, आणि राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे देत असेल तर पहिला प्रयत्न हाच करा. ५ गिगाबिटच्या यूएसबीचा गोंगाट तिथवर पोहोचेपर्यंत पुष्कळ क्षीण झालेला असतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली आपलं वाय-फाय कार्ड उघडा. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘प्रिफर्ड बँड’ दिसलं तर तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडा. इंटेलच्या कार्डांत ही सोय असते.

दोन मर्यादा आहेत. ५ गिगाहर्ट्झ भिंतींतून कमी जातं. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडच्या खोलीत ते मिळेलच असं नाही. दुसरी म्हणजे १० गिगाबिटची उपकरणं, उदाहरणार्थ बाहेरून लावायच्या वेगवान एसएसडी. त्यांचा गोंगाट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. तिथे पुन्हा प्रश्न ६.

८. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं, तरी ब्लूटूथचा हेडफोन तुटत-तुटत वाजतो. का?

ब्लूटूथला ५ गिगाहर्ट्झ हा पर्यायच नाही, ते २.४ मध्येच राहतं. गर्दीचे चॅनल (पट्ट्याचे छोटे भाग) टाळून मोकळ्या चॅनलवर उड्या मारण्याची युक्ती त्याच्याकडे २००३ पासून आहे आणि शेजारच्या वाय-फायपुढे ती चांगली चालते. पण यूएसबी ३ चा गोंगाट सबंध पट्टाभर पसरलेला असतो, उडी मारायला मोकळी जागाच राहत नाही. इथे अंतर हाच उपाय. कॉल महत्त्वाचा असेल तर तेवढ्यापुरती डिस्क काढून ठेवा किंवा तारेचा हेडफोन वापरा.

९. राउटरचा चॅनल बदलला, ड्रायव्हर अपडेट केले, काही फरक नाही.

पडणार नव्हताच. चॅनल १, ६ की ११, हा प्रश्न शेजाऱ्यांच्या राउटरच्या गर्दीसाठी आहे. यूएसबीच्या गोंगाटाला तिन्ही सारखेच. कारण प्रश्न ८ मध्ये आलं आहे.

१०. काही कॉपी करत नसतानाही त्रास होतो. मग कारण दुसरंच असेल का?

तसं नाही. यूएसबी ३ ची जोडणी जागी असते तेव्हा माहिती जात नसली तरी दोन्ही टोकं एकमेकांना रिकामे संकेत पाठवत राहतात, आणि तेही त्याच ५ गिगाबिटच्या वेगानं. उपकरण झोपी गेलं की ते थांबतात. म्हणून त्रास कधी होतो, कधी नाही असं वाटतं आणि माणूस गोंधळतो. ‘सुरक्षितपणे काढा’ करून प्लग उपसा आणि मगच निष्कर्ष काढा.

११. टाइप-सी हब लावल्यापासून त्रास सुरू झाला. हबला तर काहीच जोडलेलं नाही!

हबच्या आत स्वतःची यूएसबी ३ ची चिप असते. शिवाय त्यात एचडीएमआय, कार्ड रीडर आणि लॅनचं पोर्ट एकाच छोट्या डबीत कोंबलेलं असतं. या सगळ्या तक्रारींत हबचा वाटा मोठा आहे. त्यातही केबल नसलेले, थेट लॅपटॉपच्या कडेला चिकटणारे हब टाळा. धातूचं आवरण आणि निदान वीतभर केबल असलेला हब घ्या आणि माउसचा डोंगल हबमध्ये कधीच लावू नका.

झाकण बंद करून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. झाकण मिटलं की चौकटीतली अँटेना थेट पोर्टजवळ येते. झाकण थोडं उघडं ठेवून फरक पडतो का ते पाहा.

१२. अल्युमिनियम फॉइल गुंडाळावी का? केबलवर चढवायची फेराइटची गोळी चालेल का?

फॉइल नको. पोर्टला जोडलेली नसलेली फॉइल भरवशाचं आवरण होत नाही. तिचा सुटा तुकडा पोर्टमध्ये शिरला तर शॉर्ट होईल. गुंडाळलेली डिस्क तापते ते वेगळंच. बाजारात मिळणाऱ्या फेराइटच्या गोळ्या मुख्यतः काहीशे मेगाहर्ट्झपर्यंतच्या गोंगाटासाठी बनवलेल्या असतात, २.४ गिगाहर्ट्झला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर डिस्कची केबल बदला: आखूड आणि चांगल्या आवरणाची.

१३. मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. फोन लॅपटॉपशेजारीच असतो, तरी डिस्क लावली की नेट पडतं.

इथे दोन कारणं असू शकतात. पहिलं म्हणजे हॉटस्पॉट स्वतः २.४ वर चालत असतो. फोनच्या सेटिंगमध्ये तो ५ गिगाहर्ट्झवर नेता येतो का ते पाहा. दुसरं सहसा कुणाला सुचत नाही: भारतात ४जीसाठी २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरतात, जिओ आणि एअरटेल दोघांकडे तो आहे. तो वाय-फायच्या अगदी शेजारी असल्यामुळे फोन डिस्कला टेकून ठेवला असेल तर टॉवरकडून येणारा संदेशसुद्धा गोंगाटात बुडू शकतो. फोन खिडकीत ठेवा. सिमवाला यूएसबी डोंगल असेल तर तो एक्स्टेन्शनवर.

१४. हार्डडिस्क राउटरलाच लावली आहे. तिथेही हे होतं का?

होतं, आणि तिथे घरातल्या सगळ्यांनाच त्रास होतो. पुष्कळ राउटरमध्ये यूएसबी पोर्ट २ च्या वेगावर चालवण्याची सेटिंग असते. असूसच्या राउटरमध्ये तर यूएसबी ३ चा व्यत्यय कमी करा अशा अर्थाचा पर्यायच आहे. तो चालू करा आणि डिस्क राउटरच्या अँटेनांपासून केबलभर दूर ठेवा.

१५. माझा वाय-फाय अडॅप्टरच यूएसबी ३ चा आहे. तो स्वतःलाच त्रास देतो का?

देऊ शकतो, विशेषतः २.४ वर. म्हणून काही अडॅप्टर गरजेप्रमाणे यूएसबी २ वर उतरतात आणि काहींच्या ड्रायव्हरमध्ये तशी निवड असते. शक्य असेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर चालवा. २.४ च वापरायचं असेल तर त्याला यूएसबी २ चं पोर्ट द्या.

१६. घरातले स्मार्ट बल्ब-सेन्सर चालवायला झिग्बीची स्टिक लावली आहे. सेन्सर सारखे गायब होतात.

झिग्बीही २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि सेन्सर बटणाच्या सेलवर चालत असल्यामुळे अगदी हळू बोलतात. या स्टिकला एक्स्टेन्शन केबल जवळपास अनिवार्य समजा. हेच जीपीएसच्या यूएसबी रिसीव्हरला लागू आहे. जीपीएसचा संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, म्हणजे यूएसबी ३ च्या पसाऱ्याच्या आतच, आणि उपग्रहाकडून येत असल्यामुळे तो पोहोचेपर्यंत फारच क्षीण झालेला असतो.

१७. सगळी यूएसबी उपकरणं काढली तरी त्रास आहेच. आता?

मग संशय दुसरीकडे न्या. बाहेरचा मॉनिटर जोडलेला आहे का? २५६० × १४४० पिक्सेलच्या पडद्याला ६० हर्ट्झवर साधारण २४१.५ मेगाहर्ट्झचं घड्याळ (पिक्सेल पाठवण्याची लय) लागतं. त्याची दहापट होते २४१५ मेगाहर्ट्झ, म्हणजे वाय-फायचा चॅनल १ (मध्य २४१२). रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर या रिझोल्यूशनला वाय-फाय बंद पडतं, अशा तक्रारी २०१९ मध्ये आल्या होत्या. रिझोल्यूशन बदलून पाहा. इथे मात्र चॅनल ११ वर गेल्यानं फायदा होऊ शकतो, कारण हा गोंगाट अरुंद असतो. प्रश्न ९ चं उत्तर या एका ठिकाणी उलटतं.

त्रास फक्त जेवण गरम करतानाच होत असेल तर मायक्रोवेव्ह तपासा, तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. चार्जर लावल्यावर टचपॅड थरथरत असेल किंवा स्पीकर घुंई करत असेल तर तो विजेचा आणि अर्थिंगचा प्रश्न आहे, या पानावरचे उपाय तिथे लागू पडत नाहीत.

१८. लॅपटॉप दुरुस्तीला कधी न्यावा?

यूएसबी लावल्यावर थोडा परिणाम होणं हा बिघाड नाही. पण राउटर त्याच खोलीत असून ५ गिगाहर्ट्झवरही नेट रखडत असेल, किंवा हा त्रास लॅपटॉप उघडल्यानंतर सुरू झाला असेल, तर न्या. रॅम किंवा एसएसडी बदलताना वाय-फाय कार्डावरची अँटेनाची बारीक वायर निसटणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा अँटेनाचा संदेश मुळातच क्षीण होतो आणि थोडासा गोंगाटही त्याला गिळतो. वाकलेलं किंवा सैल झालेलं यूएसबी पोर्टही तपासून घ्या, त्याचं धातूचं आवरण नीट टेकत नसेल तर गळती वाढते. दुकानात ‘वाय-फाय चालत नाही’ एवढंच सांगू नका, नाहीतर विंडोज नव्यानं टाकून मिळेल. प्रश्न ५ ची चाचणी तिथेच टेबलावर करून दाखवा आणि वाय-फाय कार्डाच्या दोन्ही वायरी बसलेल्या आहेत का ते तुमच्यासमोर पाहायला सांगा.